मुंबई ते लंडन : अंतर ७,२०० किलोमीटर, मग तास नेमके किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा १५ ऑक्टोबरला पुण्याहून निघून मुंबईमार्गे लंडनला मुलीकडे जाणार आणि १२ जानेवारीला परत निघणार. नेटवर अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं आणि विमान ताशी ९०० ने उडतं, म्हणजे आठ तास. पण तिकिटावर जाताना १३:१५ ला सुटून १८:३० ला पोहोचतं, म्हणजे सव्वापाच तास. येताना २१:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी ११:३० ला, म्हणजे चौदा तास. त्यात एजंट दुबईमार्गे स्वस्त तिकीट सुचवतोय, त्यावर १४ तास १५ मिनिटं लिहिलंय. यातलं खरं कोणतं, आणि साठी ओलांडलेल्या माणसांसाठी कोणतं घ्यावं?

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाने ओळखल्या जातायत. तिकिटावरच्या दोन वेळांमधला फरक, विमानात प्रत्यक्ष बसून काढायचा वेळ, आणि घराच्या दारापासून मुलीच्या दारापर्यंतचा वेळ. पहिल्याचा काही उपयोग नाही, दुसरा गणिताने काढता येतो, आणि आई-बाबांना सोसायचा असतो तो तिसरा.

आधी घड्याळाचा घोळ सोडवू. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या शहराची असते. त्यामुळे दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणल्याशिवाय वजाबाकी करायचीच नाही. आपल्याला सोयीचं घड्याळ भारताचं. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. २०२६ मध्ये तो रविवार २५ ऑक्टोबरला आहे.

म्हणजे तुमच्या तिकिटात जाणं उन्हाळी वेळेतलं आणि येणं हिवाळी वेळेतलं आहे. जाताना लंडनचे १८:३० म्हणजे भारतातले रात्रीचे २३:००. दुपारी १३:१५ पासून मोजले तर ९ तास ४५ मिनिटं. येताना लंडनचे २१:३० म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ०३:००, तिथून सकाळी ११:३० पर्यंत ८ तास ३० मिनिटं. विमानातला खरा वेळ हा. सव्वापाचही नाही आणि चौदाही नाही.

पडताळ्याची एक सोपी युक्ती आहे. जातानाचा आणि येतानाचा, दोन्ही दिसणारे वेळ एकत्र मिळवायचे. एका बाजूला घड्याळाने जेवढं खाल्लं तेवढंच दुसऱ्या बाजूला परत दिलेलं असतं, त्यामुळे बेरीज खरी येते. तुमच्या तिकिटात मात्र ५:१५ आणि १४:०० मिळून १९:१५ होतात, आणि खरी बेरीज आहे १८:१५. तो जास्तीचा एक तास मधल्या काळात लंडनने घड्याळ मागे घेतल्याचा. दोन्ही प्रवास एकाच ऋतूतले असतील तर युक्ती तंतोतंत चालते, ऋतू बदलला तर एका तासाचा फरक पडतो.

बाबा काट्यांचं घड्याळ वापरत असतील तर त्यांना आणखी एक गंमत सांगा. भारतीय वेळेवर लावलेलं घड्याळ उलटं, म्हणजे बारा खाली येतील असं धरलं की हिवाळ्यातली लंडनची वेळ दिसते. साडेपाच तासांचा फरक असतानाच हे जमतं. ऑक्टोबरच्या मध्यावर पोहोचल्यावर तसं पाहिलं तर लंडनच्या खऱ्या वेळेपेक्षा एक तास कमी दिसेल.

आता अंतर. मुंबई विमानतळ ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे गोल पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर साधारण ७,२१० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३,८९० नॉटिकल मैल आहे. या सर्वांत जवळच्या रेषेला बृहद्वृत्त म्हणतात. भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून जी रेषा निघते ती वेगळी. त्या रेषेने, एकच दिशा धरून गेलात तर अंतर ७,४०० च्या आसपास भरतं. गोलावर दोरा ताणून पाहिला की तो उत्तरेकडे कलतो आणि तोच जवळचा असतो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर आई-बाबांना हे दोऱ्याने दाखवा, मग विमानातल्या पडद्यावरचा वाकडा मार्ग पाहून गोंधळ होणार नाही.

पण हा ताणलेला दोरा कुठून जातो ते पाहिलं की खरी अडचण कळते. मुंबईहून वायव्येला निघून तो जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो. पुढे बलुचिस्तान, इराण, मग आर्मेनिया-जॉर्जिया-अझरबैजानच्या सीमा जिथे जवळ येतात तो भाग, काळा समुद्र, दक्षिण युक्रेन, चेक-पोलंडची सीमा, जर्मनी आणि इंग्लंड. यातलं युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला आपलं आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं आणि पुढे ती बंदी महिन्यामहिन्याने वाढवत नेली. इराण आणि इराकचं आकाश जून २०२५ च्या लढाईत काही दिवस बंद होतं. म्हणून अरबी समुद्र ओलांडून ओमान-आखाताच्या बाजूने जायचं, त्या दिवशी जे मोकळं असेल त्याप्रमाणे इराण किंवा सौदी-इराकवरून तुर्कस्तानात शिरायचं, आणि रोमानिया, हंगेरी, जर्मनी करत लंडन गाठायचं, हा व्यवहारातला मार्ग. तो साधारण ७,५०० किलोमीटर धरा. एखाद्या दिवशी जास्तही होतो.

मुंबईचं त्यातल्या त्यात बरं आहे. समुद्र दाराशीच असल्यामुळे पाकिस्तानला वळसा घालायला फार वाकडं जावं लागत नाही. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की पाकिस्तान समोरच येतो, त्यामुळे भारतीय कंपन्यांना आधी गुजरातकडे खाली उतरून मग समुद्रावर यावं लागतं. स्वस्त मिळतंय म्हणून मुंबई-दिल्ली-लंडन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कागदावरच ते अंतर ७,८७० च्या आसपास जातं, त्यात हा वळसा आणखी वेगळा.

आता ७,५०० भागिले ९०० केलं तरी सव्वाआठ-साडेआठ तास येतात, मग जाताना पावणेदहा का? कारण ९०० हा विमानाचा हवेतला वेग आहे, जमिनीवरचा नाही. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर हवा स्वतःच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असते. या वेगवान पट्ट्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात असा एक पट्टा साधारण ३० अंश उत्तरेला, अरबस्तान-इराण ते उत्तर भारत असा पसरलेला असतो, आणि त्याच्या गाभ्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचे वारे नेहमीचे. लंडनला जाताना हे तोंडावर येतात, परतताना पाठीवर.

सगळ्या मार्गाची सरासरी घेऊन समोरचा वारा ७० धरला तर जमिनीवरचा वेग ८३० उरतो, आणि ७,५०० किलोमीटरला नऊ तास लागतात. परतताना तेच ७० मिळवले की वेग ९७० होतो आणि पावणेआठ तासांत काम होतं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढताना आणि उतरताना कमी वेगाने जाणं, आणि उतरल्यावर गेटपर्यंतचा फेरा धरून ४० ते ४५ मिनिटं मिळवा. जाताना पावणेदहा आणि येताना साडेआठ, म्हणजे तिकिटावरचेच आकडे आले. कुठल्याही दोन शहरांसाठी मी हाच हिशोब मांडतो. बृहद्वृत्ताच्या अंतरात तीन ते सात टक्के वळशाचे घालायचे, वेगात वारा मिळवायचा किंवा वजा करायचा, आणि वर पाऊण तास.

हा वारा कायम नसतो. उन्हाळ्यात पश्चिमी जेट मंदावून उत्तरेला सरकतो. शिवाय पावसाळ्यात दक्षिण भारत आणि अरबी समुद्रावर उंचावर उलट दिशेचा, पूर्वेकडून येणारा जेट वाहतो. त्यामुळे जुलैत लंडनला निघालेल्या विमानाला पहिल्या टप्प्यात चक्क पाठचा वारा मिळू शकतो. मोसमी पावसाच्या यंत्रणेचाच तो भाग आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो. तेच विमान जानेवारीत जाताना दहा तासांच्या वर सहज जातं. तुमचं जाणं ऑक्टोबरात आणि येणं जानेवारीत आहे हे म्हणूनच सोयीचं. समोरचा वारा पूर्ण जोमात येण्याआधी ते जातील आणि पाठचा वारा जोरात असताना परततील.

एक गैरसमज हमखास ऐकू येतो, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून लंडन समोरून येतं किंवा पळून जातं. तसं नसतं. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फरक पडतो तो हवेच्या पृथ्वीसापेक्ष वाऱ्यामुळेच.

तिकिटावर छापलेला वेळ हा ब्लॉक टाइम असतो, म्हणजे एका गेटवरून मागे सरकल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा. त्यात कंपनीने थोडा जादा वेळ धरलेला असतो, आणि या मार्गावर तो लागतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी सुटायला रांग लागते. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आहेत आणि दिवसभर त्या भरलेल्या असतात. लंडनजवळ आल्यावर विमान आकाशात दहा-पंधरा मिनिटं घिरट्या घालू लागलं तर घाबरायचं कारण नाही, उतरण्याच्या रांगेतली ती नेहमीची जागा आहे. आईला हे आधी सांगून ठेवा.

कंपनीचा छापील वेळ कितपत खरा ठरतो हे पाहायचं असेल तर विमानांचा माग ठेवणाऱ्या कोणत्याही साइटवर त्या फ्लाइट नंबरचे मागचे पंधरा दिवस उघडा. तिथे प्रत्यक्ष उड्डाण आणि प्रत्यक्ष उतरणं दिसतं, पण तो हवेतला वेळ असतो, ब्लॉक टाइमपेक्षा अर्धा तास कमी. सगळ्यात चांगला दिवस पाहून खूश होऊ नका. पंधरापैकी मधला आकडा घ्या, आणि किती दिवस एक तासाहून जास्त उशीर झाला ते मोजा. पुढचं कनेक्शन किंवा गाडी ठरवताना तेच उपयोगी पडतं.

आता दुबईचा पर्याय. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर, म्हणजे एकूण ७,४३० च्या आसपास. बृहद्वृत्तापेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त. थेट विमानालाही आखाताच्या बाजूनेच जावं लागत असल्यामुळे दुबई जवळपास वाटेवरच येते. इस्तंबूलमार्गे तर जास्तीचं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच पडतं. म्हणून ‘थांबा आहे म्हणजे लांबून जातं’ हे या मार्गावर खरं नाही. तुमच्या एजंटच्या तिकिटात दुबईपर्यंत ३ तास १५ मिनिटं आणि पुढे ७ तास ३० मिनिटं, म्हणजे उडण्याचा वेळ १० तास ४५ मिनिटं आहे. थेटपेक्षा एकच तास जास्त. उरलेले साडेतीन तास दुबईत बसण्याचे.

हे साडेतीन तास वाईट नाहीत. पाय मोकळे होतात, आणि सलग दहा तास बसणं गुडघ्यांना त्रासदायक असेल तर मधला थांबा चांगलाच. दीड तासापेक्षा कमी थांब्याचं कनेक्शन मात्र त्यांच्यासाठी घेऊ नका. दुबईत गेटमधली अंतरं मोठी आहेत, पुन्हा सुरक्षा तपासणी असते, आणि पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं की धावाधाव होते. दोघांसाठी व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, कंपनीकडे नोंदवा. ही मदत फुकट असते, आणि सोबत माणूस असल्यामुळे गेट चुकण्याची भीतीही जाते.

मला या दुबईच्या तिकिटाची खरी अडचण सुटण्याच्या वेळेत दिसते. पहाटे ०४:३० चं विमान म्हणजे विमानतळावर ०१:३० ला हजर, आणि पुण्याहून आदल्या रात्री साडेआठलाच निघणं. अख्खी रात्र गाडीत आणि रांगेत जाते. सगळं भारतीय घड्याळावर मांडू या. दुबईमार्गे आदल्या रात्री २०:३० ला घर सोडलं, तर लंडनला दुपारी १४:१५ ला, म्हणजे आपल्या १८:४५ ला विमान लागेल. इमिग्रेशन आणि सामानाला दीड तास, मुलीच्या घरापर्यंत पाऊण तास धरा. आपल्या रात्रीच्या नऊला पोहोचतील, म्हणजे साडेचोवीस तास. थेट विमानाला पुण्याहून पहाटे पाचला निघायचं, २३:०० ला विमान लागेल, आणि तेवढाच वेळ पुढचा धरून आपल्या रात्री सव्वाला घरी. सव्वावीस तास. फरक चार तासांचा दिसतो, पण थेट विमानात ते रात्री नीट झोपून निघतात आणि तिथे पोहोचतात तेव्हा लंडनमध्ये पावणेनऊ वाजलेले असतात. जेवून झोपायची वेळ. दुबईमार्गे रात्र जागून पोहोचल्यावर लंडनमध्ये दुपारचे साडेचार असतात, आणि डोळे मिटत असताना त्यांना संध्याकाळ काढावी लागते. भाड्यातला फरक माणशी दहा-बारा हजारांच्या आत असेल तर मी थेट घेईन. त्याहून बराच जास्त असेल तर सकाळी उशिरा किंवा दुपारी सुटणारं, एकाच पीएनआरवरचं एक थांब्याचं तिकीट शोधा.

एकाच पीएनआरवर हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोन वेगळी तिकिटं जोडून कुणी स्वस्त करून दिलं तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. शिवाय सामान दुबईत बाहेर काढून पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, आणि त्यासाठी तिथला व्हिसा लागतो.

तारखेचा सापळाही इथेच असतो. ‘१५ ऑक्टोबर, ०४:३०’ असं लिहिलेलं असेल तर विमानतळावर जायचं ते १४ तारखेच्या रात्री. पंधराच्या रात्री पोहोचून विमान हुकलेले प्रवासी विमानतळावर नेहमी दिसतात. तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहू नका, ‘घरातून निघायचं’ एवढंच लिहा, वार आणि वेळेसकट. शहराच्या नावापुढचा विमानतळाचा कोडही वाचा. बीओएम म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. एलएचआर म्हणजे हीथ्रो, एलजीडब्ल्यू म्हणजे लंडनचाच दुसरा विमानतळ, गॅटविक. हवेतल्या वेळेत यामुळे फरक पडत नाही, पण पुण्याची गाडी आणि मुलीची गाडी दोन्ही चुकीच्या ठिकाणी उभ्या राहू शकतात. पुण्यातून मुंबईच्या टर्मिनल २ ला साडेतीन तास लागतात असं धरून वर एक तास ठेवा. घाटात एखादा ट्रक बंद पडला की तो तास तिथेच जातो. चेक-इन काउंटर सुटण्याच्या साधारण एक तास आधी बंद होतो आणि मग कुणाचं काही चालत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक सुरू होतं. तुमचं परतीचं विमान त्या वेळापत्रकातलं आहे, त्यामुळे आज दिसणारे २१:३० आणि ११:३० पुढे-मागे होऊ शकतात. तिकिटाला तुमचा मोबाइल आणि ईमेल जोडा, एजंटचा नको, नाहीतर बदलाचा निरोप त्याच्याकडेच राहतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि निघण्याच्या तीन दिवस आधी एकदा पीएनआर उघडून पाहा.

आईच्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतील तर विमानात बसेपर्यंत आणि तिथे पोहोचून झोपेपर्यंत भारतीय वेळच धरा, आणि लंडनच्या वेळेवर कधी आणि कसं यायचं ते डॉक्टरांना निघण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्या. विशेषतः इन्सुलिन असेल तर. औषधं चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत चिठ्ठीसकट ठेवा.

परतीच्या गाडीसाठी तारीख १३ जानेवारी सांगा, १२ नाही. ११:३० ला विमान लागलं तरी सामान घेऊन बाहेर यायला एक वाजतो, तेव्हा ड्रायव्हरला साडेबाराचं बोलवा, म्हणजे पार्किंगचे तास वाया जाणार नाहीत.